नगरसीमेवरील पथकर : माहीमचा सेतु आणि कोल्हापूरचे नाके

(१) प्रास्ताविक. रस्ता कोणीं बांधावा, त्याचा खर्च कोणाकडून घ्यावा आणि तो किती काळ घ्यावा, हा प्रश्न राज्यकारभाराइतकाच जुना आहे. जकातीचे जमाखर्च, मक्त्याचे करारमदार, माफीचीं दस्तकें असले कागद ज्यांच्या रुमालांत बांधलेले आहेत, त्यांस हें वेगळें सांगावयास नको. तथापि या प्रश्नाचा जो अगदीं अलीकडचा प्रसंग आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेला, त्याकडे आपण संशोधक मंडळी सहसा इतिहास म्हणून पाहत नाहीं. हा प्रसंग म्हणजे इ. स. २००८ ते २०१५ या काळांत कोल्हापूर शहरांतील रस्त्यांवर पथकर बसविण्याचा झालेला यत्न आणि त्यास नागरिकांनीं केलेला विरोध. वर्तमानपत्रांत या विरोधाचें वर्णन बहुधा आंदोलन म्हणून आलें. प्रस्तुत लेखांत त्याचा विचार जकातीच्या इतिहासांतील एक प्रकरण म्हणून करावयाचा आहे. पथकर हा वाटेचा मोबदला कोठपर्यंत असतो आणि कोठून पुढें ती नगराच्या वेशीवरील जकात होते, एवढाच मुद्दा येथें तपासावयाचा आहे. त्यासाठीं इ. स. १८४५ सालचें माहीमच्या सेतूचें उदाहरण तुलनेस घेतलें आहे.

(२) नाका व जकात. मराठी राज्यांतील जकात ही मुख्यतः मालावर असे, वाटेवर नसे. माल जेथें भरला तेथें थळभरीत आणि जेथें विकला तेथें थळमोड, हीं नांवेंच तें स्पष्ट करतात. नाका हें वसुलीचें ठिकाण होतें, वसुलीचें कारण नव्हे. शिवाय जकातीच्या मागें कांहीं एक धोरण असावें, ही जाणीवही जुनीच आहे. बारदेशांतील मीठ स्वस्त पडून संगमेश्वराकडील मिठाचा खप बुडेल, म्हणून त्यावर जबर जकात बसवावी, असें शिवाजीमहाराजांनीं कुडाळच्या सुभेदारास १६७१ सालीं लिहिलेलें पत्र सर्वपरिचित आहे. तेथें जकात रयतेच्या रक्षणार्थ आहे. उलटपक्षीं दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत महाल मक्त्यानें देण्याची जी पद्धति बोकाळली, तिचे दुष्परिणाम एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत नमूद केले आहेत. मक्तेदारास रकमेशीं कर्तव्य असतें, रयतेशीं नसतें, हा त्या काळाचा धडा होय. पुढें अंतर्गत वाहतुकीवरील जकाती व्यापारास जाचक ठरतात असें दिसून आल्यावर कंपनी सरकारनें मुंबई इलाख्यापुरत्या त्या १८३८ सालीं उठविल्या.

जुनी जकात उठली, परंतु नाका उठला नाहीं. १८५१ च्या आठव्या कायद्यानें सार्वजनिक रस्ते व पूल यांवर कर घेण्याचा अधिकार सरकारास मिळाला, आणि मुंबई इलाख्यासाठीं १८७५ चा तिसरा कायदा झाला. यांतील १८५१ च्या कायद्याची एक गोष्ट लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे. जो रस्ता किंवा पूल सरकारी खर्चानें बांधला वा दुरुस्त केला असेल, त्यावरच कर घ्यावयाचा, असें त्यांतील मूळ सूत्र होतें. वसुली दुसऱ्याच्या हातीं देतां येत असे. पण खर्च सरकारचा आणि म्हणून हक्कही सरकारचा, ही सांखळी तेथें अखंड होती. पुढें महाराष्ट्रांत खाजगी भांडवलानें रस्ते बांधण्याचें धोरण आलें, तेव्हां १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याच्या विसाव्या कलमांत दुरुस्ती करून ठेकेदारास पथकर घेण्याची वाट मोकळी करण्यांत आली. ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ हें या पद्धतीचें सरकारी मराठी नांव. जुन्या दप्तराच्या भाषेंत बोलावयाचें तर रस्त्याचा मक्ता. फरक इतकाच कीं, पूर्वींचा मक्तेदार रक्कम भरून वसुलीचा हक्क घेई. आतांचा मक्तेदार रस्ता बांधून तो हक्क घेतो.

(३) माहीमचा सेतु. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत मुंबई बेट झपाट्यानें वाढत होतें. सायनकडून कुर्ल्यास, म्हणजे साष्टींत, जाण्याचा मार्ग गव्हर्नर डंकन याच्या कारकीर्दींत झाला होता. परंतु माहीम व वांद्रें यांच्या मधली खाडी होडींतूनच ओलांडावी लागे. पावसाळ्यांत व वादळांत ती वाट जिवावर बेतणारी होती. तेथें सेतु बांधावा अशी मागणी झाली, पण त्याचा खर्च करण्यास कंपनी सरकार तयार होईना. अशा वेळीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं हा भार आपल्यावर घेतला. प्रथम त्यांनीं एक लक्ष रुपये दिले. तें द्रव्य अपुरें पडलें तेव्हां आणखी ५७ हजार दिले. एकूण १,५७,००० रुपयांच्या या देणगीनें काम पुरें झालें. १८४१ सालीं आरंभ होऊन १८४५ सालीं गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर याच्या हस्तें सेतु रहदारीस खुला झाला.

देणगीची रक्कम मोठी खरी. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्या देणगीबरोबर घातलेली अट अधिक मोलाची आहे. या सेतूवरून जाणाऱ्यायेणाऱ्या प्रजेकडून सरकारनें कोणताही कर घेऊं नये, अशी ती अट होती. या अटीचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. कर घेण्यास त्या काळीं कोणाची आडकाठी नव्हती. विलायतेंत तर गांवोगांवच्या रस्त्यांवर टोलनाके होते, आणि १८३९ ते १८४३ या काळांत वेल्समधील शेतकरी स्त्रीवेष धारण करून रात्रीं हे नाके फोडीत होते. म्हणजे ज्या वर्षीं माहीमचें काम सुरू झालें, त्याच सुमारास साहेबाच्या स्वतःच्या मुलुखांत पथकराविरुद्ध दंगे चालले होते. त्या दंग्यांची वार्ता अवाबाईंच्या कानीं होती असें आमचें म्हणणें नाहीं. त्यास पुरावा नाहीं. परंतु ज्या खाडीपलीकडे रोजचा संसार आहे, तेथें रोज हात पसरूं नये, हें तत्त्व त्या अटींत स्पष्ट आहे. दुसरें असें कीं, ही अट काम होण्यापूर्वीं घातली गेली. रस्ता आधीं आणि त्याची किंमत मागाहून, असा प्रकार तेथें झाला नाहीं.

(४) कोल्हापूरची पार्श्वभूमि. आतां दुसरें उदाहरण. कोल्हापुरांत नगरपालिका १८५४ सालीं स्थापन झाली. १८९१ सालीं मिरजेपासून रेल्वे आली. १९७२ सालीं महानगरपालिका झाली. त्यानंतर वस्ती वाढत गेली, मात्र शहराची हद्द होती तेथेंच राहिली. सुमारें ६७ चौरस किलोमीटरांच्या या हद्दींत २०११ च्या खानेसुमारींत ५,४९,२३६ माणसें मोजलीं गेलीं. हद्दीबाहेर गांवें वाढलीं, कारखाने वाढले, नव्या वसाहती झाल्या. पण बाजार, दवाखाना, महाविद्यालय, न्यायालय व अंबाबाईचें देऊळ शहरांतच राहिलें. शिरोली, शिये, उचगांव, कळंबा इत्यादि गांवांचा शहराशीं रोजचा संबंध असा आहे कीं, कागदावरील हद्द ओलांडल्याचें जाणाऱ्यास कळतही नाहीं. ही परिस्थिति मुद्दाम सांगितली, कारण पुढील सर्व वादाचें मूळ या सीमेंत आहे.

अशा शहरांतील सुमारें ५० किलोमीटर लांबीचे रस्ते नव्यानें करावे, असें ठरलें. महानगरपालिकेजवळ तितका पैसा नव्हता. तेव्हां महानगरपालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि एक खाजगी कंपनी अशा तिघांत २००८ सालीं करार झाला. कामाचा अंदाज सुमारें २२० कोटी रुपयांचा होता. कंपनीनें आपल्या पैशानें रस्ते करावे आणि त्याबद्दल तिनें ३० वर्षें पथकर घ्यावा, असें त्या कराराचें स्वरूप होतें. त्याखेरीज टेंबलाईवाडी भागांतील एक मोक्याचा भूखंडही कंपनीस देण्यांत आला. वसुलीसाठीं शहरांत येणाऱ्या वाटांवर नऊ नाके उभारण्यांत आले.

येथें क्षणभर थांबून नकाशा डोळ्यांपुढें आणावा. दोन गांवांमधील लांबच्या रस्त्यावर एक नाका असतो. त्या रस्त्यानें जाणारा तो कर देतो, न जाणारा देत नाहीं. परंतु एका नगराच्या चहूंबाजूंस नऊ नाके घातले, म्हणजे कर रस्त्यावर राहत नाहीं, प्रवेशावर बसतो. नवा रस्ता वापरणारा आणि जुन्याच गल्लींतून घरीं जाणारा असे दोघेही वेशीवर सारखेच अडविले जातात. ही नगराची वेस झाली आणि ती उघडण्याचें दाम ३० वर्षें द्यावयाचें झालें. नांव पथकराचें, परंतु आकार जुन्या वेशीवरील जकातीचा, असें याचें वर्णन करण्यास आम्हांस कांहीं प्रत्यवाय दिसत नाहीं. या जकातींत मालाऐवजीं वाहन मोजलें जात होतें, एवढाच काय तो फरक.

(५) विरोधाचा क्रम. रस्त्यांचीं कामें चालू असतांच कुरबूर सुरू झाली. गटारें व पदपथ अपुरे आहेत, कामाचा दर्जा करारांत लिहिल्याप्रमाणें नाहीं, असे आक्षेप नागरिकांनीं घेतले. नाके उभे राहिले तेव्हां या कुरबुरीस आंदोलनाचें रूप आलें. सर्वपक्षीय कृति समिति स्थापन झाली. प्रा. एन. डी. पाटील आणि अॅड. गोविंदराव पानसरे हे तिचे प्रमुख आधार होते. त्या वेळीं प्रा. पाटील यांनीं वयाचीं ऐशीं वर्षें ओलांडलीं होतीं. २०१२ च्या जानेवारींत निघालेल्या प्रचंड मोर्चानें हा प्रश्न एका पक्षाचा वा एका पेठेचा नसून नगराचा आहे, हें दाखवून दिलें. टोल देणार नाहीं, एवढेंच मोर्चाचें म्हणणें होतें. त्यांत दर कमी करा अशी मागणी नव्हती. हा भेद महत्त्वाचा आहे. दराविषयीं तडजोड होते, तत्त्वाविषयीं होत नाहीं.

तरीही २०१३ च्या ऑक्टोबरांत वसुली सुरू झाली. २०१४ च्या जानेवारींत उपोषण झालें, मंत्र्यांच्या आश्वासनावर तें सुटलें, आणि वसुली थांबली नाहीं असें दिसतांच १२ जानेवारी रोजीं जमावानें नाके जाळले. हा प्रकार आम्ही गौरवानें सांगत नाहीं. कायदा हातीं घेण्याचें समर्थन इतिहासकारानें करण्याचें कारण नाहीं. परंतु दिलेला शब्द आणि दुसऱ्या दिवशींचा अनुभव यांत अंतर पडलें म्हणजे काय होतें, याची नोंद मात्र त्यानें केली पाहिजे. त्याच वर्षीं उच्च न्यायालयानें वसुलीस स्थगिति दिली, सर्वोच्च न्यायालयानें ती उठविली, आणि नाके पुन्हा चालू झाले. २०१५ च्या फेब्रुवारींत पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या व २० तारखेस त्यांचें निधन झालें. ती हत्या हा स्वतंत्र विषय असून तिचा या प्रकरणाशीं संबंध जोडण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आंदोलनाचा एक आधार निखळला, इतकेंच येथें सांगावयाचें. पुढें झालेल्या कामाचें मूल्यमापन करण्यांत आलें, आणि २०१५ च्या डिसेंबरांत कोल्हापूरचा पथकर रद्द झाल्याची घोषणा राज्य शासनानें केली. कंपनीचा मोबदला सार्वजनिक पैशांतून चुकता करण्याचें ठरलें.

(६) पूर्वपक्ष. पथकराच्या बाजूनें जें म्हटलें जातें तें हलकें लेखून चालणार नाहीं. पहिला मुद्दा असा कीं, रस्ता फुकट होत नाहीं. जो वापरतो त्यानेंच दाम द्यावें, हें न्याय्य आहे. दुसरा असा कीं, कोल्हापूरच्या रस्त्यांचा खर्च अखेर राज्याच्या तिजोरीवर पडला, म्हणजे जो गडचिरोलीचा माणूस कोल्हापुरास कधीं येणार नाहीं, त्यानेंही तो सोसला. तिसरा असा कीं, केलेला करार मोडला तर पुढें कोणी पैसा घालण्यास धजणार नाहीं. या तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. प्रत्येक शहरास अवाबाई भेटत नाहींत, हेंही उघड आहे.

परंतु पहिल्या मुद्द्याचें उत्तर नाक्यांच्या रचनेंतच आहे. ‘जो वापरतो तो देतो’ हें तत्त्व, जेथें दुसरी वाट मोकळी आहे तेथेंच खरें ठरतें. वाट एकच असेल तर वापरणें ही निवड राहत नाहीं, आणि निवड नसलेला मोबदला म्हणजेच कर होय. कर बसवावयाचा तर तो लोकांच्या प्रतिनिधींनीं उघड सभेंत, कर या नांवानें बसवावा. दुसऱ्या मुद्द्याविषयीं असें म्हणतां येईल कीं, राज्याच्या तिजोरींतून रस्ते होणें ही नवी गोष्ट नाहीं; १८५१ च्या कायद्याचें गृहीतच तें होतें. तिसरा मुद्दा सर्वांत बळकट आहे, आणि तो कराराच्या विरुद्ध नसून करार कसा करावा याविषयीं आहे. ३० वर्षें ज्यांच्या खिशांतून पैसे जावयाचे, त्यांस करारांतील कलमें नाके उभे राहिल्यावर कळावीं, यांतच पुढील मोडतोडीचें बीज होतें. माहीमला अट आधीं व सेतु मागाहून झाला. कोल्हापुरास रस्ता आधीं व अट मागाहून उघड झाली. या दोन उदाहरणांतील खरें अंतर दानशूरपणाचें नसून या क्रमाचें आहे.

(७) पुढील परिणाम. कोल्हापूरचें प्रकरण एकाकी राहिलें नाहीं. २०१५ च्या जूनपासून राज्यांतील १२ नाके बंद झाले व आणखी ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांस माफी मिळाली. माफीचीं दस्तकें वाचणाऱ्यांस या पद्धतीची ओळख पटेल : मूळ कर राहतो, सूट वाढत जाते, आणि अखेरीस कर कोणावर आहे हेंच शोधावें लागतें. मुंबईंतही तेंच घडलें. १९९५ नंतर त्या शहरांत ५५ उड्डाणपूल बांधण्याची योजना झाली, आणि त्यांचा खर्च भरून काढण्यासाठीं वाशी, ऐरोली, दहिसर व मुलुंडचे दोन असे पांच नाके शहराच्या प्रवेशद्वारीं बसले. ठाण्याहून रोज कामास येणारा मनुष्य हा कर वर्षानुवर्षें देत राहिला. अखेर १४ ऑक्टोबर २०२४ रोजीं राज्य मंत्रिमंडळानें हलक्या वाहनांस तेथें माफी दिली. ज्या नगरांत १८४५ सालीं एका खाडीवरची वाट करमुक्त असावी अशी अट पाळली गेली, त्याच नगराच्या वेशीवर दीडशें वर्षांनीं नाके उभे राहिले, आणि ते निम्मेअधिक उठण्यास आणखी पंचवीस वर्षांच्या आसपास काळ जावा लागला, हें पाहिलें म्हणजे जुनीं तत्त्वें दप्तरांत पडून राहिलीं तर त्यांचा कांहीं उपयोग होत नाहीं, असें म्हणावें लागतें.

(८) समारोप. वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नगराच्या सभोंवार बसविलेला पथकर हा स्वरूपानें जकातच असतो. त्यास दुसरें नांव दिल्यानें तो बदलत नाहीं. दुसरी, अशा कराचें यश दरावर अवलंबून नसून अट कोणास, केव्हां व कशी सांगितली यावर अवलंबून असतें. तिसरी, मक्त्याची पद्धति जेव्हां जेव्हां येते तेव्हां हिशेबाच्या पारदर्शकतेचा प्रश्न तिच्याबरोबर येतो. बाजीरावाच्या काळीं तो आला होता, आपल्या काळींही आला.

आतां आमच्या वाचकांस एक विनंती करून लेख संपवितों. दोनशें वर्षांपूर्वींची जकातीची एखादी पावती हातीं आली तर आपण ती जिवापाड जपतों, तिच्या शिक्क्याचा छाप घेतों, कागदाचा पोत पाहतों. परंतु कोल्हापूरच्या नाक्यावर २०१३ सालीं फाडलेली पावती आज कोणाच्या संग्रहांत आहे? ती ज्या प्रकारच्या कागदावर छापतात, त्यावरील अक्षर उष्णतेनें व काळानें आपोआप पुसट होत जातें. मोडी कागद तीनशें वर्षें टिकला, ही पावती तीस वर्षेंही टिकणार नाहीं. मोर्चाचीं हस्तपत्रकें, सभांचे फलक, वकिलांकडील अर्जांच्या प्रती, महानगरपालिकेच्या सभांचीं इतिवृत्तें, मूल्यमापनाचे तक्ते, हे सर्व कागद अद्याप कोणाच्या तरी माळ्यावर किंवा कपाटांत असतील. ज्यांनीं मोर्चांत पावलें टाकलीं तीं माणसेंही आज साठीसत्तरींत आहेत, प्रा. पाटील २०२२ सालीं गेले. मोडी वाचण्यासाठीं जेवढे श्रम आपण घेतों, त्याच्या दशांश श्रमांत हे कागद गोळा होतील, त्यांच्या प्रतिमा घेतां येतील व यादी करतां येईल. पथकराच्या बाजूचे कागदही तितक्याच आस्थेनें मिळवावे, कारण एका पक्षाच्या दप्तरावरून लिहिलेला निवाडा टिकत नाहीं. शंभर वर्षांनीं कोणी संशोधक एकविसाव्या शतकांतील जकातीचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हां त्याच्यापुढें केवळ जळालेल्या नाक्यांचीं छायाचित्रें असूं नयेत. त्या नाक्यावर कोणीं किती दिलें, कां दिलें आणि कां नाकारलें, हेंही त्यास वाचतां आलें पाहिजे.